चढावं लागणार नाही असं झाड

कोंढा,
शुक्रवार

प्रिय तेजस्विनी,

हे पत्र तृप्तीच्या हाती देते आहे. माझ्या जागी आता तीच अंगणवाडी सांभाळते. सोमवारी तिची भंडाऱ्याला मीटिंग आहे, तशीच पुढे जवाहरनगरला जाऊन तुझ्या भावाच्या, मनिषच्या क्वार्टरवर देईन म्हणाली. तुझा नवा नंबर माझ्याजवळ नाही, आणि माझा फोन माझ्या पोराने, वीरेंद्रने भिंतीवर आपटला. सव्वा वर्षात मी तुला एक अक्षर पाठवलं नाही. आज तुझी सासू आंब्याच्या कलमांबद्दल लिहायला बसली आहे, याचा तुला राग येईल. तरी शेवटपर्यंत वाच. जे सांगायचं आहे ते एका झटक्यात लिहायला माझा हात वळत नाही.

घरामागच्या सांदवाडीतली आंब्याची तिन्ही झाडं मी माघ महिन्यात कापून घेतली. शेंद्र्या, खोबऱ्या आणि तुझ्या लेकीचा, गुड्डीचा लाडका तो बारका शेप्या, ज्याच्या रसाला शेपूचा वास येतो. मुळापासून नाही कापली. आंधळगावचे भय्याजी म्हणून एक म्हातारे कलमवाले आहेत, त्यांना बोलावलं होतं. जुन्या झाडावर नवी जात बसवायची तर आधी झाडाचं डोकं उडवावं लागतं, असं ते म्हणाले. दोन माणसं करवत घेऊन सकाळपासून लागली. माझ्या छातीएवढ्या उंचीवर एकेक खांदी कापत गेले. चाळीस वर्षांची खांदी खाली पडताना आधी कुरकुरते, मग एकदम फाटते आणि जमीन हादरते. कापल्या जागेतून चीक गळत होता, भय्याजींच्या हातावर उडून त्यांची कातडी भाजली. प्रत्येक झाडाला एकच खांदी ठेवली. ती ठेवली नाही तर झाड जगत नाही म्हणे. उरलेल्या थोटकांना त्यांनी मोरचूद आणि चुन्याचा निळा लेप लावला. शेजारचा नत्थू कुंपणावरून पाहत होता. म्हणाला, "वहिनी, भरल्या झाडाइले काहून मारून राहिल्या?" मी त्याला उत्तर दिलं नाही.

उत्तर तुला देते. उन्हाळ्यात थोटकांवर लाल कोंब फुटले. त्यातले जोमदार चार-पाच ठेवून भय्याजींनी बाकीचे खुडले आणि मला विचारलं, "बाई, जात कोणती पाह्यजे? ते आताच सांगून ठेवा. मले काडी आणा लागते." मी हापूस म्हटलं, कारण दुसरं नाव तोंडात आलं नाही. ते हसले. म्हणाले, आपल्या उन्हात हापूस आतून साका धरतो, वरून सोनं आणि कापलं की पांढरा गोळा. लंगडा गोड, पण एक वर्ष देतो आणि एक वर्ष रुसतो. दशहरी इथे चांगला येतो, पण खांद्या सरळ वर पळतात. केसरचा वास साऱ्या घरात भरतो. आणि आम्रपाली. फळ लहान, आत गर्द केशरी, दरवर्षी लागतो, आणि झाड फार वर जात नाही, हाताने तोडता येतो. मी तीन दिवस विचार केला. अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर नावं लिहिली, खोडली. शेवटी शेंद्र्यावर केसर सांगितला, तोही खाली पसरवत न्यायच्या अटीवर, आणि खोबऱ्या-शेप्यावर आम्रपाली. भय्याजी म्हणाले, "दशहरी काहून नाही? बाजारात चालते." मी म्हटलं, "मला चढावं लागणार नाही असं झाड पाहिजे. खाली उभ्या माणसाचा हात पुरला पाहिजे." ते म्हणाले, "तुमचे गुडघे दुखत असतीन." मी हो म्हटलं.

गुडघ्यांचं खरं नव्हतं. या घरात पुन्हा कोणाला म्हणता येऊ नये, की बाई आंब्याच्या झाडावरून पडली. ते मी म्हटलं होतं. ज्या झाडाचं नाव मी डॉक्टरला सांगितलं, ते रोज भांडी घासताना माझ्या डोळ्यांसमोर येत होतं. तू त्या झाडावर कधी चढली नव्हतीस.

तो दिवस तुला मी सांगायला नको, पण मी काय पाहिलं ते तुला कधी कळलं नाही. म्हणून लिहिते. मंगळवार होता. वीरेंद्र राइस मिलवरून जेवायला आला. तू गुड्डीसाठी जवाहरनगरच्या शाळेचा फॉर्म मागवला होतास, आणि तो पिशवीत त्याच्या हाती लागला. त्याने आधी फॉर्म फाडला. मग आंबे उतरवायचा झेला भिंतीला टेकला होता, त्याची जाळी उपटून नुसता बांबू हातात घेतला. पहिला तडाखा तुझ्या पाठीवर बसला. दुसरा तू हाताने अडवलास, आणि हाड मोडल्याचा आवाज मला चुलीपर्यंत आला. मी परातीत तांदूळ निवडत होते. उठले. तुला वाटलं असेल, सासू सोडवायला आली. मी गुड्डीला उचललं, आत नेलं आणि दाराला कडी घातली. दोन्ही हातांनी तिचे कान झाकले. माझे उघडे होते. अकरा मोजले मी. आठव्याला बांबू चिरला, त्यानंतरचा आवाज वेगळा होता. तू एकदाच हाक मारलीस, "आई, दार उघडा." तुझी आई तर केव्हाच गेली. ती हाक मलाच होती.

ऑटोत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तुझा हात कोपराखाली भलतीकडे वळला होता. दवाखान्यात डॉक्टरने तुला विचारलं, काय झालं. तू तोंड उघडलंस आणि तुझ्याआधी मी बोलले. आंबे तोडताना झाडावरून पडली. तू माझ्याकडे पाहिलंस. रडली नाहीस, नुसतं पाहिलंस, आणि मग तोंड फिरवलंस. पुढे तू मनिषकडे गेलीस, पोलिसात तक्रार दिलीस, आणि ठाण्यातले साहेब घरी आले तेव्हाही मी तेच सांगितलं आणि कागदावर सही केली. अंगठा नाही, चांगली वळणदार सही. अठ्ठावीस वर्षं ज्या सहीने लेकरांची वजनं लिहिली, तीच.

तेव्हा मला वाटलं होतं की मी पोराला वाचवते आहे. खरं म्हणजे मला दुसरं काही बोलता येत नव्हतं. तुझे सासरे, सेवकराम, तू त्यांना फोटोतच पाहिलंस. गावात त्यांचं नाव चांगलं आहे, भजनात पेटी वाजवायचे. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी त्यांनी मला कंदिलाने मारलं, ती कपाळावरची खूण. माझ्या सासूने, चंद्रभागाबाईने, बायांना सांगितलं की सून विहिरीवर घसरली. त्यानंतर मी चार वेळा घसरले. वीरेंद्र सात वर्षांचा असताना एकदा बापाच्या हाताला लोंबकळला होता, "बाबा, मायले नको मारू" म्हणत. बापाने त्याला झटकलं तर उंबऱ्यावर पडून त्याचा ओठ फाटला. त्या संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन मी काय शिकवलं असेल? की कोणी विचारलं तर सांगजो, खेळता खेळता पडलो. हे मी विसरले होते. झाडं कापली त्या दिवशी आठवलं.

तुला वाटेल, म्हातारीला एकाएकी देव आठवला. तसं नाही, आणि मी चांगली झाले असंही समजू नकोस. तू गेल्यावर दिवाळीपर्यंत वीरेंद्र गप्प होता. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी वरणात मीठ जास्त पडलं म्हणून त्याने मला पहिली थापड मारली. मग भात कच्चा राहिला म्हणून. मग काहीच झालं नाही तरी. एकदा केस धरून ओसरीवरून अंगणात ओढलं, तेव्हा मी तुझंच नाव घेऊन ओरडले, का ते मला कळलं नाही. नत्थूच्या बायकोने दुसऱ्या दिवशी विचारलं, डोळा काळा कशाने झाला. माझ्या तोंडात शब्द तयार होता. तो बाहेर आला नाही, एवढंच. माझ्या अंगावर आलं तेव्हा मला तुझं दुखणं कळलं. आधी कळायला पाहिजे होतं. हे तुझ्यापासून लपवून काय करू?

आषाढात भय्याजींनी कलमं बांधली. बावीस. पेन्सिलएवढी काडी पाचरीसारखी तासतात, कोंबाच्या चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळतात. जखमेला जखम नीट टेकली पाहिजे, असं ते सांगत होते. वीस-बावीस दिवसांनी काड्यांच्या टोकांना तांबडी पानं फुटली. एकोणीस जगली. मी सकाळी उठून आधी ती मोजायची.

पोळ्याच्या दिवशी वीरेंद्र दुपारीच पिऊन आला. वकिलाकडे जाऊन आला होता. साक्षीदारांत माझं नाव दिलं आहे आणि आई बोलली की केस संपली, असं वकिलाने त्याला सांगितलं होतं. म्हणाला, "तारखेच्या दिवशी मी तुले गाडीवर घेऊन जाईन. कोर्टात काय सांगशील, मले आता सांगून दाखव." मी बैलाच्या पूजेचं ताट आवरत होते. त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "जे पाहिलं ते सांगीन." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्याने खुंटीवरचा कोयता काढला आणि सांदवाडीत गेला. मीही मागे गेले. शेप्यावरचं पहिलं कलम छाटलं आणि वळून विचारलं, "आता काय सांगशील?" मी म्हटलं, "जे पाहिलं ते." दुसरं छाटलं. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. तेजस्विनी, एकोणीस वेळा. मध्ये कुठे तरी माझी भीती संपली असं मी लिहिणार नाही. लुगडं ओलं झालं होतं. पण दुसरं उत्तर येत नव्हतं. कलमं संपली तेव्हा तो कोयता फेकून माझ्याकडे आला. मुठीने मारलं, मग पडल्यावर लाथांनी. दोन दात पडले. डाव्या कानाने आता ऐकू येत नाही, आणि एक बरगडी मोडली आहे, हे नंतर डॉक्टरने फोटो काढून सांगितलं. नत्थू कुंपण मोडून आत आला आणि त्याने त्याला मागून कवेत धरलं नसतं तर हे पत्र नसतं. वीरेंद्र त्याच्या मिठीत लहान पोरासारखा रडला. मला दया आली, आणि त्या दयेचा मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी नत्थूसोबत पवनीच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, पोराने मारलं. त्यांनी लिहून घेतलं. तो कागद नत्थूच्या घरी ठेवला आहे.

भय्याजी येऊन गेले. खोडं जिवंत आहेत, बाई, म्हणाले, पुन्हा कोंब येतील, जात तेवढी ठरवून ठेवा. यावेळी मी ठरवणार नाही. गुड्डीला विचार. घर आणि सांदवाडी माझ्या नावावर आहे. तुला परत ये म्हणून हे लिहीत नाही. या घरात तू पाय ठेवू नयेस, हेच मला बरं वाटेल.

पत्र लिहिलं ते दुसऱ्याच कामासाठी. तारीख अठराला आहे, हे तुला माहीत आहे. त्या सकाळी वीरेंद्र मला घराबाहेर एकटी पडू देणार नाही, म्हणून सतराला तो मिलवर गेला की मी नत्थूच्या बायकोसोबत बसने निघणार आहे. कोर्ट भंडाऱ्याला, आणि तिथे माझं कोणी नाही. एक रात्र मला तुझ्या क्वार्टरच्या व्हरांड्यात झोपू देशील काय? जेवणाचं मी बांधून आणीन. गुड्डीला झोपवून मगच दार उघड, मला तिच्यासमोर उभं राहायची घाई नाही. मनिषला हे पटणार नाही. त्याला सांग की त्याचं बरोबर आहे. ज्या बाईने तुझ्यावर दार लावलं तिला तू दार उघडावं, असं मागायला मला तोंड नाही, पण विचारते आहे. तू नाही म्हणालीस तर तृप्तीजवळ तेवढंच सांगून पाठव, मी रात्र एसटी स्टँडवर काढीन. सकाळी अकरा वाजता कोर्टात मी असेन, आणि अकरा तडाखे होते हे सांगेन. ते तुझ्या होकारावर नाही.

हा शब्द लिहायचा हक्क मी घालवला आहे, तरी,
तुझीच,
निर्मला