बाबांच्या पोटावरची खडूची रेघ

तीर्थस्वरूप आत्या,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. (देत असेल तरी चढू नकोस.) आईची आणि माझी तब्येत बरी आहे. बाबांबद्दल मात्र मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. त्यांच्या यकृतातली गाठ पोटाला छोटी भोकं पाडून काढायचं ठरलं, असं मी लिहिलं होतं. तसं काहीही ठरलेलं नव्हतं. ‘तशीही काढता येते, तपासण्या बघून सांगतो,’ एवढंच सर्जन म्हणाले होते. पुढचं मी आनंदाच्या भरात ठरवून टाकलं. त्यावर ‘छोटीच भोकं घ्या, मोठा काप नको’ असं तुझं उत्तर आलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात तो कायदा झाला आहे. (हे फोनवर सांगितलं असतं, पण फोन पुढच्या खोलीत, बाबांच्या दुकानात, आणि शिवणयंत्र चालू असलं तरी बाबांना सगळं ऐकू येतं.)

ती गाठ कर्करोगाची आहे हे त्यांना माहीत आहे. ते तिला नुसतं ‘ती’ म्हणतात, जणू कुणी न बोलावलेली पाहुणी मुक्कामाला आली आहे.

परवा आम्ही तपासण्या घेऊन पुन्हा सर्जनकडे गेलो. आत बोलावल्यावर सिस्टरनं बाबांना टेबलावर झोपवून सदरा वर केला आणि ती दचकलीच. बाबांच्या पोटावर निळ्या खडूनं बरगडीखालून एक लांब वळणदार रेघ मारलेली होती आणि तिच्याखाली पाच बारीक आडव्या खुणा, शर्टाला काजं पाडायच्या आधी ते करतात तशा. डॉक्टरांचा वेळ वाचावा आणि दोन्ही प्रकार समोरासमोर दिसावेत, म्हणून ते घरूनच आखून आले होते. सिस्टरला वाटलं, दुसऱ्या कुणा सर्जननं ही खूण केली आहे. तिनं शिकाऊ डॉक्टरला बोलावलं, त्यानं फाइल उलटी-सुलटी केली, मग दोघंही माझ्याकडे बघू लागले, कारण आखलेली बाजू डावी होती आणि यकृत असतं उजवीकडे. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढ्यात सर्जन आले. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘रेघ फार सुरेख आहे. पण बाजू चुकली.’

‘गिऱ्हाईक समोर उभं असतं ना, साहेब,’ बाबा म्हणाले. ‘त्याची उजवी ती माझी डावी. हाताला तेच वळण.’

सर्जन हसले नाहीत. त्यांनी स्वतः ओल्या कापसानं रेघ पुसली, तिथंच स्टुलावर बसले आणि सगळं समजावून सांगितलं. भोकांतून केलं तर दुखणं कमी, रक्त कमी जातं, माणूस घरी लवकर जातो. आणि गाठ सोयीच्या जागी असेल तर पुढं रोगाच्या दृष्टीनंही फारसा फरक पडत नाही. पण बाबांची गाठ मागच्या बाजूला, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून आहे. तिथं रक्त सुटलं तर घाईघाईनं पोट उघडावं लागेल. ‘भोकांतून सुरुवात करता येईल,’ ते म्हणाले, ‘पण माझा हात आत असेल तर मला जास्त खात्री वाटेल. काप मोठा, महिना-दोन महिने त्रासाचे. विचार करून बुधवारी सांगा.’

‘काजंच करा,’ बाबा लगेच म्हणाले. ‘ताईनं सांगितलंय.’

‘यकृत ताईंचं आहे का?’ आई म्हणाली. ‘आणि काजातून कधी अख्खा कोट बाहेर आलाय?’

(इथं आईचं पूर्ण बरोबर नाही. कापलेला भाग पिशवीत घालून काढायला खाली एक बेताचा काप घेतातच. हे मी तिथंच सांगितलं. कुणी आभार मानले नाहीत.)

घरी आल्यावर बाबा शिवायला बसले, आणि थोड्या वेळानं त्यांनी यंत्र थांबवलं. ‘घरात शाळा शिकलेली तू एकटी. तू सांग,’ म्हणाले. मी दोन्ही बाजू इतक्या समसमान सांगितल्या की ते उठून पाणी पिऊन आले, आणि मी अजून सांगतच होते. शेवटी म्हणाले, ‘बाळ, शिवून घ्यायला आलेल्याला मी कापडाची माहिती देत बसत नाही. त्याला काय शोभेल ते सांगतो.’ मग पुन्हा यंत्र सुरू झालं. सुईत दोरा नव्हता, तरी ते चालवत होते.

जपून राहा.

तुझी भाची

ता. क. गुडघ्याची चौकशी मनापासून आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. बाबांना फोन करून ‘मोठा काप घे’ असं सांगशील का? तुझा शब्द ते मोडत नाहीत. माझं नाव मात्र त्यात येऊ देऊ नकोस.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र पुन्हा वाचलं. फोन करू नकोस. त्यांनी मला विचारलं आहे. माझं सांगणं चुकलं तर काय, याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते मिळेपर्यंत ‘ती’ थांबणार नाही. ‘बाबा, मोठा काप घ्या, मला तसं वाटतं,’ हे मी त्यांना माझ्याच तोंडानं सांगणार आहे, येत्या मंगळवारी, दुकान उघडायच्या आधी.