धरणाखालचं घर

बाबा, आपल्या धरणाचा वर्ग यंदा वाढला. तुम्ही नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर होता तेव्हा असले वर्ग कुणाच्या खिजगणतीत नव्हते, म्हणून सांगते. हा वर्ग म्हणजे धरणाची तब्येत नव्हे. धरण फुटलंच तर खाली किती माणसं पाण्यात सापडतील, यावर तो ठरतो. तपासणीला मीच होते. भिंत धड आहे, दरवाजे नीट उघडतात, सांडवा मोकळा आहे. तरी ‘जास्त धोक्याचं’ असं मी लिहिलं, कारण खाली आता अख्खी वसाहत आहे. आणि ती तुमच्यामुळे आहे, हे तुम्हाला दुसरं कोण सांगणार?

तो दिवस मला अजून दिसतो. धरणाच्या पायथ्याशी पाणी झिरपतंय म्हणून गावभर बोभाटा झालेला. तुम्ही ते पाणी काचेच्या पेल्यात भरून आणता, ओट्यावर ठेवता आणि पोळ्या लाटणाऱ्या आईला म्हणता, “पाय, किती नितळ हाये. गढूळ आलं असतं, भिंतीतली माती वाहून आली असती, तं मीच पयालो असतो.” आई मान वर न करता म्हणते, “मले काऊन दाखवून राह्यले? लोकाईले दाखवा.” तुम्ही ते भलतंच मनावर घेतलंत. धरणाखालची पडीक जागा घेतली आणि तिथं घर बांधलं. साहेब स्वतः राहतो म्हटल्यावर लोकांची भीती गेली. आधी तुमच्या ऑफिसातले दोघं आले, मग पुलगावहून निवृत्त झालेले काका, मग रांगच लागली. मला तुमचा फार अभिमान वाटायचा. आता रागही येतो, पण भांडायला तुम्ही नाही.

आई अजून तिथंच राहायची. भोंगा बसतोय, वाजला की टेकडीकडे निघायचं, हे मी घरोघर जाऊन समजावलं. धरण पक्कं आहे, हेही प्रत्येक दारात सांगितलं. मग पावसाळ्याच्या तोंडावर आईला माझ्याकडे वर्ध्याला न्यायला गाडी घेऊन गेले. “मी नाई येत,” ती म्हणाली, “तुह्या बाबानं उगाच बांधलं का घर?” गुडघ्याच्या डॉक्टरचं निमित्त करून कसंबसं तिला गाडीत बसवलं. शेजारच्या काकू फाटकाशी आल्या. तुमचं घर पाहूनच त्यांनी त्यांचं बांधलं होतं. डिकीतल्या दोन बॅगा त्यांनी पाहिल्या.

“गुडघ्यासाठी एवढं सामान?”

“इलाज लांबन म्हनते डॉक्टर,” मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा डिकीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “मंग नातवाईले घेऊन मी भी पोरीकडं अल्लीपूरले जाऊ का? खरं सांगजो.”

“नाई काकू, तशी काई गरज नाई,” मी म्हणाले आणि गाडी सुरू केली.

बाबा, धरणावर माझा विश्वास आहे. दिवाळीपर्यंत आईला मात्र मी परत सोडणार नाही.