आंब्याची जागा

७ डिसेंबर, रविवार
आजपासून सीरियस. बाबांची वाडी निडीच्या मागच्या डोंगरावर होती. वाडी कधीच उठली. घराचं जोतं आणि दारातला आंबा तेवढा उरलाय. बाबांना तो एकदा बघायचाय. पण गुडघे चढू देत नाहीत, आणि नजर चाललीय. सगळा जन्म कारखान्यात गणपतीचे डोळे आखले, आता स्वतःच्या डोळ्याची नस सुकतेय. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत पुरली तर पुरली. म्हणजे भरपूर वेळ आहे. डोंगरावर जाऊन रेफरन्स गोळा करणार, मग मोठं लँडस्केप. पेणमध्ये गणपती कोणीपण रंगवतं.

बहीण म्हणाली, फोटो काढून आण ना, मोबाईलवर मोठा करून दाखवू. निशिगंधाला आर्टमधलं काही कळत नाही.

१४ डिसेंबर, रविवार
सकाळची गाडी चुकली. बरंच झालं, धुकं होतं. एक टेम्पोवाला धरमतरला चालला होता, त्याच्याबरोबर गेलो. खाडीतले बार्ज काढले. हात बसायला पाहिजे आधी.

बाबांनी कागद नाकाला लावून बघितला. म्हणाले, आपल्या डोंगराला पाणी कधी लागलं रं?

२८ डिसेंबर, रविवार
गाडी मिळाली. निडीला उतरणारच होतो, पण रोह्याहून हर्षदचा फोन, पोपटी लावतोय, ये. डोंगर कुठे पळतोय? मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी. मडकं पालथं घालून भोवती जाळ. धुराचा रंग नोंदवला: राखाडी, त्यात थोडा निळा. हापण रेफरन्सच.

बाबांना शेंगा आणल्या. ताटात चाचपत खाल्ल्या. आंब्याला मोहोर आलाय काय, विचारलं. म्हटलं, येतोय. येतच असणार, सीझन आहे.

११ जानेवारी, रविवार
चढलो. खरंच चढलो. वाटेत एक म्हातारी मोळी घेऊन उतरत होती, बायजाबाई. पुंडलिकचा मुलगा म्हटल्यावर तिने मोळी खाली टाकली आणि माझं तोंड नीट बघितलं. म्हणाली, पुंडल्यानं झोका बांधलेली फांदी अजून हाय रं, जा, बघून ये. किती लांब, विचारलं. म्हणाली, हा काय, त्या टेपाडामागं. तिचं 'हा काय' तासभर चाललं, टेपाड तिथंच. तोवर ऊन डोक्यावर. लाइट एकदम फ्लॅट. अशा लाइटमध्ये बाबांचा आंबा काढणं म्हणजे त्याचा अपमान. बसलो तिथूनच डोंगर, उतार, गवत सगळं घेतलं. आंबा नंतर. कारखान्यातही डोळे शेवटीच आखतात. बाबांनीच शिकवलंय.

खाली आलो तर बायजाबाई अंगणात. बघितलास? म्हटलं, बघितला. ताक दिलं.

२५ जानेवारी, रविवार
चित्र जवळजवळ झालं. फक्त मध्ये आंब्याची जागा कोरी. निशिगंधा म्हणाली, कुठलापण आंबा काढ आणि दे त्यांना. म्हटलं, मूर्तीला कुठलेपण डोळे चालतात काय? ती म्हणाली, बाबांनी आज चहाचा कप टेबलाच्या बाहेर ठेवला. कप आमचा नेहमीचा होता, पांढरा, सहज दिसणारा. पुढच्या रविवारी नक्की.

१ फेब्रुवारी, रविवार
काल हर्षदकडे शेताचा बांध उतरताना पाय मुरगळला. रेस्ट.

१० फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी बाबांनी विचारलं, लाइट गेलेत काय. गेले नव्हते. खिडकीतलं ऊन त्यांच्या तोंडावरच होतं.

संध्याकाळी म्हणाले, जेवढं झालं तेवढं आण. मांडीवर ठेवलं. त्यांनी कडेपासून बोट फिरवत आणलं. रंग मी जाड लावलाय, उतार हाताला लागतो. म्हणाले, ही पायवाट. पायवाटच होती. मग म्हणाले, आंबा कुठं हाय?

मी त्यांचं बोट धरून मधे ठेवलं. तिथे नुसता कागद. रंग चढलेला आणि न चढलेला, दोन्ही त्यांच्या बोटांना माहीत. बोट तिथेच थांबलं. मी काहीतरी बोलणार होतो, लाइटबद्दल.

म्हणाले, बरोबर. इथंच होता. चांगला जमलाय.

निशिगंधा दारात उभी होती. आत गेली.

रविवारी निडी. आता सावकाश काढता येईल, घाई नाही.