नानांच्या दहाव्याला वाजलेला हॉर्न

चि. सौ. मालन हिस,

कुसाअक्काचा पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर आता वाकते का, आणि वाकली तर परत सरळ होते का, ते कळव. चांदवडकडे सगळे खुशाल असतील असं धरून चालते. पत्र हर्षाली लिहिते आहे. (अक्षर तिचं, अक्कल माझी.)

मालन, माझी छाती अजून धडधडते आहे. आमच्या सुनीलने मोटारसायकलला ट्रकचा हॉर्न बसवला. नाशकात द्वारका चौकात कोणी बाजूला होत नाही म्हणे. दारात पहिल्यांदा वाजवला तेव्हा सूनबाई सविताच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं आणि मी बसलेली ती ताडकन उभी राहिले. (डॉक्टर गुडघ्याचं ऑपरेशन सांगत होते.) पन्नाशीच्या लेकाला कोण बोलणार?

तशात आमच्या गोजरावन्संच्या मालकांचा, नानांचा, गोदाघाटावर दहावा होता. (नणंद असून माझ्याशी गोड वागणारी ही एकच.) वन्सं आदल्या दिवशी माझ्याजवळ खूप रडल्या. दत्तू इगतपुरीचं घर विकून आईला नाशिकला आपल्या हॉलमध्ये ठेवणार होता, सोफ्याच्या मागे. लेकापुढे बोलायची त्यांची छाती नाही.

घाटावर माझे गुडघे दुखतात म्हणून सुनीलने मला मोटारसायकल स्टँडवर लावून तिच्यावरच बसवलं आणि चावी बंद न करता तशीच ठेवून तो कुंडात उतरला. पिंड मांडलं. कावळा खाली आला, चोच पुढे केली, आणि हॉर्न वाजला. पंचवटीतले सगळे कावळे उडाले गं. भटजी मंत्र विसरले. सुनील पाण्यातूनच ओरडला की वायर चिकटली असणार. पुन्हा कावळा आला, पुन्हा वाजला. पिंडाजवळ नानांची तंबाखू ठेवून झाली, भजी ठेवून झाली. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा वन्संच्या शेजारच्या चिमणाबाई म्हणाल्या, नाना जन्मभर रेल्वेत इंजिनाची शिट्टी वाजवत आले, ही वायर नाही, हे नानाच वाजवताहेत, त्यांचा जीव कशात तरी अडकलाय. सगळ्यांनी दत्तूकडे पाहिलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. हात जोडून म्हणाला, "नाना, घर विकत नाही. आई तिथंच राहील."

हॉर्न गप्प. कावळा आला आणि पिंडाला शिवला. वन्संनी पदर तोंडाला लावला तो रडायला की कशाला, ते मी विचारलं नाही.

तुझी अक्का,
कुसाबाई

ता. क. सुनीलने मेकॅनिककडून वायर तपासून घेतली. एकदम चांगली निघाली. त्यामुळे तोही आता नानांना मानतो. पहिल्या वेळी माझा अंगठा चुकून पडला होता, देवाशपथ. पुढच्या दोन वेळांचं विचारू नकोस.

आणखी एक. सुनील हॉर्न काढायचं म्हणतो, त्याला काढू देऊ नकोस, तुझं तो ऐकतो. माझ्या दहाव्याला त्या गाडीवर तू बसायचं. बटण डाव्या अंगठ्याखाली असतं. माझा जीव कशात अडकणार ते तू आलीस की कानात सांगेन. इथं लिहिता येत नाही, हर्षाली सुनीलची लेक आहे.