राखणीची होडी

आये गं,

तुला कुठे वाचता येत होतं? लाइटच्या बिलापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत सगळं मीच तुला वाचून दाखवायचे, आणि जरा श्वास घ्यायला थांबले की तू म्हणायचीस, "वाच ना पुढं, थांबतेस कशाला?" तरी आज लिहायला बसले आहे. आज सकाळी गावात देवळापुढे बैठक झाली आणि मी सगळ्यांसमोर उभी राहून एक गोष्ट कबूल केली. ती आधी तुला सांगायला हवी होती. तुला जाऊन तीन महिने झाले, आणि तीन महिने मी ती गिळून बसले होते.

बैठक राखणीच्या होडीची होती. कशाची असणार दुसरी?

परवा चारकोपला माझ्या शेजारणीला मी हे समजावून सांगत होते. बोरीवली स्टेशनवरून रिक्षानं जाता येईल इतक्या जवळ, खाडीच्या पलीकडे, असं एक गाव आहे जिथे ओहोटीला माणूस अडकून पडतो, हे तिला पटतच नव्हतं. मी म्हटलं, अगं, आमच्या बंदरातलं पाणी उतरलं की कमरेइतका चिखल उरतो. मधोमध फक्त एक पाण्याची पट्टी. फेरीबोटही त्या दोन तासांत बंद. म्हणून गावानं राखणीची पाळी लावली होती, रोज एक घर. ओहोटी लागायच्या आत त्या घरानं एक होडी मधल्या पाण्यात नेऊन नांगरून ठेवायची. कुणाला काही झालं तर चिखलावर फळ्या टाकत जायचं, रोग्याला झोळीत घालून होडीपर्यंत न्यायचं, आणि पंधरा मिनिटांत अलीकडे आणायचं. ती म्हणाली, "वॉव, काय मस्त सिस्टिम आहे गं!" मला एकदम रडू फुटलं. बिचारी घाबरलीच.

तुझी ती तालीम आठवते? शिमगा संपला की पुढच्या रविवारी अख्खं गाव बंदरावर. दोन बांबू, जुन्या शिडाच्या कापडाची झोळी, आणि झोळीत झोपवायला तू दर वर्षी गावातला सगळ्यात जाडा माणूस शोधायचीस. त्याला लाज वाटायची, पोरं खिदळायची. कुणीतरी म्हणायचंच, "आवो, एखादं पोर घाला ना झोळीत!" आणि तू ठणकावायचीस, "हलका रोगी कोनपन उचलतो. याला न्या होडीपर्यंत, मग बोला." चार बायका खांद्यावर बांबू घेऊन निघायच्या, त्यांच्या पुढे आणखी दोघी फळ्या टाकायच्या, मागे दोघी मागच्या फळ्या उचलून पुढे द्यायच्या. एक पाऊल चुकलं की तू काठावरून ओरडायचीस. किती ओरडायचीस गं!

आणि त्या फळ्या! देवळाच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असायच्या. त्यांना हात लावायचा नाही म्हणजे नाही. एकदा कुणीतरी लग्नाच्या मांडवासाठी त्यातल्या दोन नेल्या, तर तू भर हळदीत जाऊन त्या काढून आणल्यास. नवरदेवाची आई वर्षभर तुझ्याशी बोलली नाही. तुला त्याचं काही वाटलंही नाही.

दादाला नऊ वर्षांचा असताना साप चावला तो दिवस मला आठवतो. भर दुपार, पाणी उतरलेलं. त्या दिवशीची पाळी आपल्या शेजारच्या हिरामावशीच्या घरची होती. होडी जागेवर होती, फळ्या जागेवर होत्या, आणि दादा जगला. आज तो चाळीस पार करून पोट सुटलेला बाप्या झाला आहे. तू त्याला कधी त्या दिवसाची आठवण करून दिली नाहीस. मला मात्र सारखी द्यायचीस. का? मी शिकलेली होते, म्हणून? मी विसरेन असं तुला वाटत होतं का?

बरोबरच वाटत होतं.

वांद्र्याच्या ऑफिसात बसून मला वाटायला लागलं की गावात सगळं जुनाट चाललं आहे. पोरं नोकरीला जातात, पाळीच्या दिवशी रजा कुठून काढणार? आता भाईंदरवरून वळसा घालून का होईना, गावापर्यंत डांबरी रस्ता आला आहे. प्रत्येकाकडे मोबाइल आहे. मग चिखलात होड्या ढकलायच्या कशाला? मी अँब्युलन्सचे नंबर जमवले, मोठा फ्लेक्स छापून देवळाजवळ लावला, व्हॉट्सॲप ग्रुप केला. चाचणीसुद्धा घेतली. एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता अँब्युलन्स बोलावली आणि ती पस्तीस मिनिटांत गावात हजर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मला फूलही दिलं. आणि त्याच बैठकीत राखण बंद करायचं ठरलं.

तू एकटी उठलीस. "मना काय समजत नाय," तू म्हणालीस, आणि तू असं म्हणायचीस तेव्हा तुला सगळं समजलेलं असायचं. "पन आजारी मानसाला काय सांगू, बाबा, मंगळवारपरयंत थांब?"

सगळे हसले. मीही हसले. आये, मी सगळ्यात मोठ्यानं हसले.

पुढच्या सहा महिन्यांत फळ्या गेल्या. कुणाच्या शौचालयाच्या कामाला चार, कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दोन. होड्या आपापल्या जागी, चिखलात कलंडलेल्या. मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला. मग एका संध्याकाळी मी न सांगता गावात आले आणि बंदरावर तुला पाहिलं. सहासष्ट वर्षांची तू, नऊवारी गुडघ्यावर खोचलेली, एकटी आपली होडी पाण्याकडे ढकलत होतीस. रोज! कुणाची पाळी नाही म्हणून रोजची तुझीच!

मी किती बोलले तुला. लोक काय म्हणतील, लेक चांगल्या पगाराची आणि आई चिखलात, असलं काय काय बोलले. तू बादलीतल्या पाण्यानं पाय धूत राहिलीस. शेवटी मी म्हटलं, "माझी शपथ आहे तुला. पुन्हा चिखलात पाय टाकलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

तू हात थांबवलास. माझ्याकडे बघितलंस. "शपथ कशाला घातलीस गं?" एवढंच म्हणालीस. मला वाटलं, रागावलीस. मी घरी जाताना मनात खूश होते, की एकदाची ऐकली म्हातारी.

आपल्यात लेकरानं घातलेली शपथ आई मोडत नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं म्हणूनच घातली.

तू गेलीस तो दिवस रविवारचा होता, अमावस्या. पाच वाजता दादाचा फोन आला. तू ओट्यावर सुके बोंबील निवडत होतीस आणि छातीला हात लावून आडवी झालीस. अँब्युलन्सला फोन केलाय, तो म्हणाला. मी रिक्षा पकडून अलीकडच्या काठावर आले. रिक्षावाल्याला सांगितलं, भाऊ, थांब, कितीही वेळ लागू दे, थांब. तो बिचारा खरंच थांबला. आमच्या मागे दहा मिनिटांवर हॉस्पिटल होतं. समोर खाडी, आणि पलीकडे तुम्ही सगळे.

मला तुम्ही दिसत होता, आये. चेहरे नाही, पण माणसं दिसत होती. तुला खाटेवरून बंदरावर आणलं होतं. आपली होडी एका कुशीवर पडली होती, तिच्यापासून पाण्याची पट्टी हाकेच्या अंतरावर. दादा फोनवर ओरडत होता, "फळ्या नायत! कुनाच्या घरात फळ्या हायत काय बघा रे!" दोघं-तिघं तशीच चिखलात उतरली, कमरेपर्यंत रुतली, त्यांनाच दोर टाकून ओढून काढावं लागलं. आणि अँब्युलन्स? अँब्युलन्स येत होती. रविवारी समुद्रावर फिरायला आलेल्यांच्या गाड्या परत निघाल्या होत्या, त्या एवढ्याशा रस्त्यावर एकामागे एक. ड्रायव्हर फोनवर सांगत होता, "मॅडम, साइड मिळत नाही, मी काय करू?" त्याची काय चूक होती? त्याला मीच मंगळवारी बोलावून बघितलं होतं.

दादानं फोन तुझ्या कानाला लावला. तू काही बोललीस, पण मला फक्त वारा ऐकू आला. मी ओरडत होते, "आये, येतेय अँब्युलन्स, येतेय!" तू त्या वेळी काय म्हणालीस, हे मी दादाला अजून विचारलेलं नाही. हिंमत होत नाही.

दीड तासानं अँब्युलन्स आली. तोवर तू गेली होतीस. आणि पाणी चढायला लागलं होतं.

गावानं तुझं सगळं रीतसर केलं. लोक म्हणाले, वेळ आली होती. मला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट दिवसकार्यात पाटील म्हणाले, पोरीनं गावासाठी एवढं केलं आणि तिच्याच आईवर ही पाळी यावी! मी मान खाली घालून बसले. सांगितलं असतं तर? पण शपथेचं कुणाला माहीतच नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

आज बैठकीत ठरलं की राखण पुन्हा सुरू करायची, आणि होडीला तुझं नाव द्यायचं. पाटील म्हणाले, नारळ लेकीनं फोडावा. माझ्या हातात नारळ दिला. आये, तो नारळ हातात घेऊन मी उभी राहिले आणि मला तो फोडता येईना. मी सगळं सांगितलं. रोज होडी तूच हलवत होतीस हे सांगितलं. मीच शपथ घालून तुझे पाय बांधले हे सांगितलं. "माझ्यामुळं होडी चिखलात होती," मी म्हटलं. "माझी आई माझ्यामुळं गेली."

मला वाटलं, आता कुणीतरी शिवी घालेल. घालावी असं वाटत होतं.

मग हिरामावशी उठली. तिला आता नीट उभंही राहता येत नाही, खांबाला धरून उठली. "बस खाली," ती मला म्हणाली. "तुझी आय आलेली माझ्याकं. दुसऱ्याच दिवशी. म्हनाली, हिरा, पोरीनं शपथ घातलीय, माझे पाय आता चिखलात जायचे नायत, तू तुझ्या पोराला सांग. मी काय म्हनलं? म्हनलं, आता गाडी येते की, कशाला तरास!" ती रडत नव्हती, रागावली होती, आणि कुणावर ते कळत नव्हतं. "माझ्याकंच नाय आली ती. तुझ्याकं आली, नाय रं? तुझ्याकं? आनि पाटील, तुमच्याकं?"

एकेकाची मान खाली गेली. पाटलांचीसुद्धा. दादा उठून देवळामागे निघून गेला. तू त्यालाही सांगितलं होतंस, हो ना? आणि तो म्हणाला असणार, बघतो.

दारोदार फिरलीस तू. मला कळलं नाही. मला फोन करून का नाही म्हणालीस, "पोरी, शपथ सोडव"? एका शब्दाचं काम होतं गं! मी सोडवली असती का? खरं सांगू? नसती सोडवली. तुला हेही माहीत होतं, म्हणून तू मागितली नाहीस.

मला वाटलं होतं, कबूल केल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं. आधी तू एकट्या माझ्यामुळे गेली होतीस. आता तू सगळ्यांच्या दारावरून परत येताना दिसतेस, आणि ते जास्त वाईट आहे.

नारळ कुणीच फोडला नाही. होडीला तुझं नावही दिलं नाही. हिरामावशी म्हणाली, नाव द्यायला तोंड हाय का आपल्याकं? मग फक्त पाळ्या लावल्या. पाटलांनी घरं वाचायला सुरुवात केली, आणि आपल्या घराशी आल्यावर थांबून माझ्याकडे बघितलं. दादा मासेमारीला जातो, वहिनीचे गुडघे दुखतात. मी म्हटलं, "आमच्या घरची पाळी माझी. आणि अमावस्येची सगळ्यांत आधी."

मला होडी वल्हवता येत नाही, आये. लहानपणी तू शिकवायला बघत होतीस आणि मी अभ्यासाचं निमित्त सांगून पळायचे. आज बैठकीनंतर हिरामावशीच्या मुलानं मला चिखलात उतरवलं. चार पावलांत पडले. पोरं हसली, आणि त्यांचं हसणं मला आवडलं. घरी आले तरी नखांतला चिखल निघाला नाही.

तुला वचन देते, आणि हे वचन मी एकटीच पाळायचं आहे, कुणावर टाकायचं नाही. आपल्या घरच्या पाळीला मी ऑफिसातून लवकर निघेन. नाही सोडलं तर रजा टाकेन, रजा संपली तर पगार कापू देत. रविवार असो, सण असो, कुणी आजारी असो वा नसो. कुणी बोलवायला येईपर्यंत थांबणार नाही. तू दार वाजवायला आलीस तसं पुन्हा कुणाला यावं लागणार नाही.

उद्या अमावस्या. सहाला पाणी पुरतं उतरेल. मी तीन वाजता बंदरावर असेन.

तुझी,
वैशू