ट्रायलहून आल्यावर वाच

सृष्टी,

तुझ्या चैतालीताईचं लग्न झालं, त्याच वर्षी हेही व्हायचं होतं. ज्युनिअर लीगच्या ट्रायलला निघताना तू म्हणालीस, "आजी, मी येईपर्यंत फोन करू नका. आजोबा पुन्हा कॉलेजकडून हॉकी खेळ म्हणतील." मी फोन केला नाही. ह्यांनी कॉलेजच्या फॉर्मवर सही करून ठेवली होती. त्याची मुदत काल संपली. उचलण्याआधी लोकांनी विचारलं, "कोणी यायचं राहिलंय का?" मी नाही म्हटलं.

लीगने घेतलं असेल तर खुशाल जा. मी मांजरी गावात तुझ्या आत्याकडे आहे. दहाव्याला येऊ नकोस, सराव बुडेल.

तुझे आजोबा मंगळवारी सकाळी साडेनऊला वारले.

आजी