अठराशेचा फोम

२ नोव्हेंबर
अन् मी गादी विकत घेतली नाई, हे बाबाले कितीदा सांगू? पॅड घेतले. फोमचे, तीन. गाडीच्या पॉलिश मशीनच्या खाली चिकटतात. अठराशे रुपये. बाबा म्हणते, "अठराशेत माह्याइथं चार मोटरसायकलीच्या सीटा भरून होते." होते तं होऊ द्या. सीटा भरायसाठी मी नागपूरले आलो नाई.

कुरखेड्याहून निघालो तेव्हाचा बाबासंग करार: त्यायच्या दुकानात माह्या जागी कारागीर नामदेव बसन, त्याचा पगार मी पाठवायचा. महिन्याले सहा हजार, दहा तारखेच्या आत. एक महिना कमी पडला की बोऱ्याबिस्तर बांधून वापस, सीट कव्हर शिवायले. मीच हाव म्हटलं होतं. तेव्हा पॅड घ्याचे नव्हते ना.

३ नोव्हें.
आमचा पॉलिशवाला मालक गुड्डूभाऊ, त्याचं एकच. गाडी कोणतीही येवो, मशीनले लोकरीचा पॅड लाव, घास, वरून चमकीचं तेल मार, बिल दे. शेडात गाडी आरसा. दोनदा धुतली की काळ्या रंगावर बारीक ओरखड्यायचं गोल गोल जाळं. उन्हात पाह्यलं तं कोळ्यानं घर केल्यावाणी.

धरमपेठच्या मॅडमची काळी गाडी आज तिसऱ्यांदा वापस आली. त्या ओरडल्या नाई. बोनेटवर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?" गु.भा. म्हणे, "मॅडम, ऊन किती आहे आपल्याकडे." म्हणजे उन्हानं जाळं विणलं!

राहवलं नाई. मधात तोंड घातलं. मले द्या, फोमनं करतो.
"करू द्या त्याला," मॅडम म्हणाल्या अन् रिक्षानं निघून गेल्या.
मंग गु.भा.: "बिघडली तं तुह्या पगारातून कापीन. पॅड तुहे, जिम्मेदारी तुही."
हाव.

४ नोव्हें.
बिघडली.

व्हिडिओत सांगतलं होतं, नारिंगी मधला, पांढरा नरम, काळा लय नरम. म्हणून डिक्कीवर हातभर जागेत नारिंगी लावला. जाळं गेलं, धुकं आलं. काचेवर श्वास सोडल्यावाणी. पुसलं. अजून पुसलं. तसंच. वरून फडकं टाकून दिलं. मंग पाकीट पाह्यलं, तं व्हिडिओवाल्याची कंपनी वेगळी, माही वेगळी. याचा नारिंगी त्याच्या नारिंगीचा कोणी लागत नाई.

जेवणाच्या टायमाले बाबाचा फोन. दहा तारखेची आठवण द्यायले. डोकं फिरलंच होतं, बोललो, अठराशेचा फोम गोटा निघाला, झालं समाधान?
वाटलं हसतील. तं विचारते, "दाबून पाह्यला का?"
नाई. रंग पाह्यला.
"रंग? अबे, रंग तं कारखान्यातला माणूस जो पिपा हाताशी येईन तो टाकते. अंगठा ठेव. किती आत जाते पाह, सोडल्यावर कसा उठते पाह. चड्डीत होता तेव्हा शिकवलं तुले."
फोन ठेवून दिला मी.

५ नोव्हें.
तिन्ही पॅड पायरीवर मांडले. कोणी पाहत नव्हतं. अंगठा.
नारिंगी: आत जातच नाई. ट्रॅक्टरच्या सीटचा माल.
पांढरा: अर्धं पेर आत, दमानं वर. मोटरसायकल.
काळा: अंगठा बुडाला, उठायले आळस. सोफा.
हे मले येत होतं. लहानपणापासून येत होतं, अन् मी मोबाईलले विचारत बसलो.

पांढरा लावला. बारीकवालं पॉलिश, चार थेंब. मशीन सावकाश. पुसलं. धुकं नाई. जाळं नाई. डिक्कीत माहं नाकच दिसून राहिलं, अन् त्याच्यामागं शेडच्या टिनाचा एक एक खिळा.
बाबाले फोन नाई केला. कायले करू?

६ नोव्हें.
छत झालं, डावी बाजू झाली. दुपारी टिन असं तापलं की पॅड मधातून मऊ पडला. अजून चालवला असता तं फाटला असता. थांबलो.

गु.भा. आला. "एका गाडीले किती दिवस बे? लोकर मार अन् मोकळा हो."
नाई मारत.
"मालक कोण आहे इथं?"
मालक तुम्हीच. लोकर नाई मारत.
मशीनची वायर काढून मांडीवर घेऊन बसलो. तो हिसकून घेईन वाटलं. नाई घेतली. "पोट्टा लय उडून राहिला," म्हणत चहाले गेला.

आईनं बसनं डब्बा पाठवला. चिवडा. चिवड्याच्या खाली पॉलिथिनमधात सीटच्या फोमचा तुकडा, ताटली ठेवून गोल कापलेला. बाबाची कात्री मी कुठंही ओळखीन. आई फोनवर हसते, "अठराशे वाचव म्हणे तुहा बाप."

७ नोव्हें.
ऊन चढायच्या आत बोनेट आणि उजवी बाजू करून टाकली. गाडी पूर्ण.

मंग भंगारातल्या दरवाजावर बाबाचा फोम लावला. मशीन सुरू केली अन् अर्ध्या मिनिटात चिंध्या. केसात, नाकात, गु.भा.च्या चहात पिवळा भुसा. गाड्या धुणारा इरफान बोंबलला, "नागपूर में बरफ गिर गई रे बावा!" लय हसलो दोघं.
इथं तं बाबा हरले. अंगठा त्यायचा बरोबर, पण मशीनच्या खाली कोणता फोम टिकते ते त्यायले नाई माहीत. मले माहीत आहे. आता माहीत आहे.

८ नोव्हें.
मॅडम आल्या. म्हणाल्या शेडात नाही, बाहेर काढा. भर उन्हात लावली. चारी बाजूंनी फिरल्या, वाकून, डोळे बारीक करून. माह्या हातात फडकं होतं, ते मी पिळून राहिलो होतो, कोरडंच.
"हे आधी का नाही केलं?"
मी तोंड उघडायच्या आत गु.भा.: "आमची नवीन फोम सिस्टीम आहे मॅडम. रेट जरा जास्त आहे." दुप्पट बिल फाडलं. मॅडमनं दिलं.

गाडी गेल्यावर म्हटलं, पॅडचे अठराशे द्या.
"जिम्मेदारी तुही, बोललो होतो ना?"
हाव. अन् पॅड तुहे, हे पण तुम्हीच बोलले होते.
तिन्ही धुतले, वाळवले, पिशवीत टाकून रूमवर आणले. एक पिशवी, वजन काहीच नाई, पण रस्त्यानं अशी धरली जशी कोणी ओढून नेईन.

९ नोव्हें.
"नवीन सिस्टीम"ले दोन गाड्या आल्या. मॅडमच्या ओळखीच्या.
गु.भा.: "पॅड कुठं आहे?"
रूमवर.
"आण."
अठराशे.
"काढून टाकीन बे तुले."
टाका. लोकरवाला कोणीही भेटते.
इरफान खाली मान घालून टायर धुऊन राहिला होता, खांदे हलत होते त्याचे. गु.भा.नं काढलं बी नाई, पैसे बी नाई दिले. पगार तेवढा हातावर ठेवला, न पाहता. गाड्या दोन्ही तशाच उभ्या. उद्या एकजण वाकन. मी तं नाई.

१० नोव्हें.
रूमचं भाडं, मेस, पॅडवाल्याची उधारी. उरलं ते मोजलं. दुसऱ्यांदा मोजून वाढत नाई.

बाबाले फोन लावला. सांगतलं, कमी आहे.
"ठरलं काय होतं?"
माहीत आहे. येत नाई मी.
"नामदेवले काय सांगू?"
सांगा, बाकीचे पॅडमधात आहे. निघतील.
मागून शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. "कोणता चालला मंग?"
पांढरा.
"दाबून पाह्यला होता?"
नाई, म्हटलं.

हाव म्हटलं असतं तं 'हात सीटवाल्याचाच आहे, ये वापस' म्हणून त्यायनं आजच्याच बसमधात जागा धरायले लावली असती. नाई म्हटल्यावर काय करतील, काय माहीत. "हं," एवढंच बोलले, अन् मशीन पुन्हा सुरू झाली.

पाठवून राहिलो: चार हजार दोनशे.